काटकसर कोणी करायची?

कंधारच्या मोंढ्यात, बसस्थानकासमोरच्या हॉटेलात किंवा एखाद्या लग्नाच्या मांडवात अर्थकारणावर जी चर्चा चालते, तीत काही मते हमखास कानी पडतात. सरकारने फुकट वाटून लोकांना आळशी केले, म्हणूनच शेतीला मजूर मिळत नाही. कर भरणारे वेगळे आणि खाणारे वेगळे. पाणी, वीज, इंधन जपून वापरण्याची आपल्या लोकांना सवयच नाही. आणि सरकार तरी काय करणार, तिजोरीत पैसा कुठे आहे? ही मते केवळ व्यापाऱ्याची अथवा पगारदाराची आहेत असे मानण्याचे कारण नाही. दोन एकर कोरडवाहूचा धनी तीच बोलतो, कचेरीतला शिपाई तीच बोलतो, आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्या सभेला सतरंजी अंथरणारा कार्यकर्ताही सभा संपल्यावर चहा पिताना तीच बोलतो. व्यासपीठावरचे अर्थशास्त्र एक आणि चहाच्या टेबलावरचे दुसरे, अशी ही विभागणी आपण फार दिवस चालू दिली आहे.

लोकांची ही मते अडाणीपणाची म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. त्यांच्यामागे अनुभव असतो. प्रश्न एवढाच की त्या अनुभवाचा हिशेब कोणाच्या नावावर मांडला जातो. अलीकडे शाश्वत जीवनशैली हा शब्द सरकारी फलकांवर आला आहे आणि त्याबरोबर काटकसरीचा उपदेशही आला आहे. तो उपदेश ज्या घराच्या दारी पोहोचतो त्या घरात एक बल्ब, दोन घागरी आणि चार शेळ्या असतात. त्या घराने आणखी काय जपून वापरायचे आहे, हे उपदेशकाने एकदा स्पष्ट करावे.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण मराठवाड्यात उपदेशाचा सर्वांत मोठा वर्षाव पाण्याविषयीच होतो. पावसापेक्षा तो अधिक नियमित असतो. २०१६ च्या मार्चमध्ये शेजारच्या लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी पाचांहून अधिक माणसांनी जमू नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते, पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर आणू लागली, आणि ऑगस्टपर्यंत या खेपा चालू राहिल्या. साऱ्या देशाने ते दृश्य पाहिले आणि मराठवाड्यातल्या माणसाने पाणी जपायला शिकले पाहिजे, असा निष्कर्ष काढला. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या महिन्यानंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. मैदानावरच्या हिरवळीला पिण्याचे पाणी घालू नये, हे तत्त्व म्हणून बरोबरच होते. पण दुष्काळाची चर्चा हिरवळीपाशी येऊन थांबली, याचा कोणाला किती दिलासा वाटला असेल याची कल्पना करता येते.

आता एक साधे गणित करू. पाट सोडून भिजवलेल्या एक हेक्टर उसाला लावणीपासून तोडणीपर्यंत ढोबळ मानाने दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे पन्नास वाघिणींच्या आठ गाड्या. यातले काही पाणी पाऊस देतो हे खरे. निम्मे पावसाचे धरले तरी हेक्टरी चार गाड्या उरतात. ज्या गाडीच्या स्वागताला पुढारी फलाटावर उभे राहिले, तिच्यातल्या चार-आठ खेपांचे पाणी एका माणसाच्या अडीच एकरांत जिरते, आणि त्याविषयी कोणी फलक लावत नाही. राज्यातल्या लागवडीखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, असे केंद्र सरकारच्याच कृषी खर्च व मूल्य आयोगाने नमूद केले होते. तुटीच्या खोऱ्यांत ऊस नको, असे राज्य सरकारने नेमलेल्या चितळे आयोगाने १९९९ मध्ये सांगितले. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये घेतला. मराठवाड्यात ऊस घेण्यावर बंदी घालावी, अशी शिफारस २०१९ मध्ये औरंगाबादच्या विभागीय आयुक्तालयातूनच गेली. हे सगळे कागद आहेत. पाऊस बरा झाला की कागद खाली जातात आणि ऊस वर येतो.

याचा दोष ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याच्या मानसिकतेला देणे मात्र मला मान्य नाही, आणि आपल्या कार्यकर्त्यांनीही तो देऊ नये. शेतकरी हिशेबी माणूस आहे. उसाला केंद्र सरकारने ठरवलेला कायदेशीर भाव आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होता. ऊस फडातून उचलून नेणारा कारखाना आहे. चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. ते पाळले जात नाही ही गोष्ट वेगळी, पण निदान भांडायला कायदा आहे. सोसायटीचे कर्ज उसाला चटकन मिळते. याउलट ज्वारीला हमीभाव जाहीर होतो आणि घेणारा नसतो. सोयाबीनचे तेच. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना लातूरसारख्या सोयाबीनच्या मोठ्या बाजारपेठेतही शेतकऱ्याला त्याखाली माल विकावा लागला. म्हणजे जे पीक पाणी पिते त्याच्यामागे सरकार उभे आहे आणि जे पीक पावसावर निभावून नेते ते बाजाराच्या हवाली आहे. अशा व्यवस्थेत शेतकऱ्याने पाण्याची काटकसर करावी असे म्हणणे, म्हणजे तोटा त्याने एकट्याने सोसावा असे म्हणणे आहे.

ज्वारीचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. ते विषयांतर वाटले तरी नाही. आपल्या तालुक्याचे नाव देशभर ज्या कारणाने घेतले जाते त्यातले एक म्हणजे लाल कंधारी गोवंश. तांबड्या रंगाचा, मध्यम बांध्याचा, उन्हाला न डगमगणारा हा बैल मन्याड खोऱ्याच्या कोरडवाहू शेतीतूनच घडला. त्याचे पोट ज्वारीच्या कडब्यावर चाले. ज्वारीने माणसाला भाकरी दिली, जनावराला कडबा दिला, जनावराने शेणखत दिले आणि ते पुन्हा ज्वारीला गेले. आज ज्याला शाश्वत शेती म्हणतात आणि जिच्यावर परिसंवाद भरतात, ती हीच. ती मोडली कशी? लोकांना भाकरी नको झाली, पोळी हवी झाली, असे उत्तर चटकन दिले जाते. पण रेशनच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या गहू आणि तांदूळच मिळत गेला. १९७२ च्या दुष्काळात परदेशी लाल मिलो ज्वारी खाल्लेली माणसे आजही तिची आठवण काढताना तोंड वाकडे करतात. इथली टाळकी ज्वारी मात्र सरकारने कायमची खरेदी करून त्याच जिल्ह्यात कधी वाटली नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद आहे. अधूनमधून दुकानात ज्वारी येतेही. पण दरवर्षी इतकी ज्वारी इतक्या भावाने घेतली जाईलच, ही खात्री शेतकऱ्याला कोणी दिली नाही. २०२३ हे साल भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, मेजवान्या झाल्या, आणि आपल्या शिवारात सोयाबीन पेरले गेले. सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर येत नाही. जनावर महाग झाले. त्यात मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली आणि थकलेला बैल विकून नव्या बैलाची भरती करण्याची शेतकऱ्याची जुनी सोय संपली. त्यानंतर लगेच दुष्काळ आला. गोवंशाच्या प्रेमापोटी केलेल्या कायद्याने लाल कंधारी पाळणाऱ्याचा हातच बांधला, हे बोलून दाखवण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले.

आता तिजोरीकडे वळू. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही, आणि त्याचे एक उत्तर याच राज्याने दिले होते. १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यातल्या दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. खडी फोडून, पाझर तलाव खोदून, नालाबांध घालून ती जगली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये करून पाहिलेला प्रयोग या दुष्काळात राज्यव्यापी झाला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून मागेल त्याला काम हा माणसाचा हक्क ठरला. देशात असे पहिल्यांदा घडले. पण या कायद्याची स्तुती करणारे त्याची अर्धीच कथा सांगतात. रोजगार हमीसाठी पैसा कोठून आला? १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांनी तो भरायचा होता. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटारवाहन कर आणि बागायत जमीन यांच्यावरही अधिभार आला, आणि जेवढी रक्कम या करांतून जमेल तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले. कामावर नसलेल्या शहराने आणि पाणी असलेल्या शेतीने, पाणी नसलेल्या शेतमजुराची मजुरी भरायची, असा तो सामाजिक करार होता. तो सर्वपक्षीय संमतीने झाला, हे आज ऐकताना खरे वाटत नाही.

त्या कराचे पुढे काय झाले, हे पगारदार वाचकाने आपल्या पगारपत्रकावर पाहावे. दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, मिळून वर्षाला अडीच हजार रुपये. घटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला कमाल मर्यादा घातली आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती अडीचशेची अडीच हजार झाली आणि तेव्हापासून तिला कोणी हात लावलेला नाही. त्या सुमारास महाविद्यालयात नव्याने लागणाऱ्या अधिव्याख्यात्याचे मूळ वेतन महिन्याला २,२०० रुपये होते. म्हणजे ही मर्यादा त्याच्या एका महिन्याच्या मूळ पगाराहून मोठी होती. सातव्या वेतन आयोगानंतर त्याच जागेवरचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, आणि अडीच हजार म्हणजे त्याची दीड दिवसाची कमाईदेखील नाही. सरकारी अनुदानातून पगार घेतलेला एक प्राध्यापक म्हणून मी हे लिहितो आहे. माझ्या वर्गबंधूंना ते रुचणार नाही. पण कर आम्ही भरतो, हे वाक्य आमच्या तोंडी सर्वांत जास्त असते म्हणूनच हा हिशेब मांडणे भाग आहे. शेतमजूर बाई चहाची पुडी, साबण, गोडेतेल घेते त्यावर कर असतो, ती ज्या टमटममधून बाजाराला येते तिच्या डिझेलवर कर असतो, आणि तिच्या कराला पगारपत्रक नसल्यामुळे तो कोणाच्या ध्यानात येत नाही. तिजोरीत पैसा नाही म्हणणाऱ्यांनी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने कंपन्यांच्या नफ्यावरचा कर तीस टक्क्यांवरून बावीसवर आणला, आणि त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल असे खुद्द अर्थमंत्र्यांनी सांगितले. त्या दिवशी फुकट वाटपाने कंपन्या आळशी होतील, अशी चिंता कोणी वाहिली नाही.

फुकट वाटपाचा विषय निघाला की लाडक्या बहिणीचे नाव येतेच. २०२४ च्या जुलैपासून दरमहा दीड हजार रुपये बाईच्या खात्यात जाऊ लागले. निवडणुकीच्या तोंडावर ते सुचले, यात शंका नाही. तरीही ज्या बाईच्या हातात आयुष्यात स्वतःच्या नावाचा पैसा कधी आला नाही तिच्या हातात तो आला, याची टिंगल करणाऱ्यांत आपण सामील होऊ नये. हरकत वेगळी आहे. तालुक्याच्या गावी आणि आता खेड्यांतही पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार विकत घ्यावे लागतात. बोअर आटले की दुसरे घ्यावे लागते. जवळचा दवाखाना नांदेडला असतो. दीड हजारांतले बरेचसे या वाटांनी बाहेर जातात. नळाला पाणी असते तर जे विकत घ्यावे लागले नसते ते विकत घेणे, हाही करच आहे. फरक इतका की तो सरकारजमा होत नाही. सार्वजनिक सेवा मागे घ्यायची आणि तिच्या किमतीचा तुकडा रोखीने द्यायचा, हा व्यवहार आपण नीट ओळखला पाहिजे.

कंधारला तरी सार्वजनिक कामाचा अर्थ पुस्तकातून शिकवावा लागू नये. जगत्तुंग सागर राष्ट्रकूटांच्या काळापासून गावाशेजारी आहे, किल्ल्याचा खंदक आहे. त्या राजाने प्रजेला पाणी जपून वापरा अशी दवंडी पिटली होती की नाही ठाऊक नाही. तळे मात्र त्या राजवटीने बांधून ठेवले. खोदणाऱ्यांची नावे शिलालेखांत नसतात, तो भाग सोडून देऊ. आपल्या काळात बारूळला निम्न मानार आणि लिंबोटीला ऊर्ध्व मानार ही धरणे झाली. पण धरण बांधणे हे एकदाचे काम आणि गाळ काढणे हे कायमचे. २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली तेव्हा गाळ फुकट आणि वाहतूक शेतकऱ्याची, अशी वाटणी होती. ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याच्या शेतात गाळ, हे त्यातून ओघानेच आले. जलयुक्त शिवारावर ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढवण्यात फारसे यश आले नाही, असा शेरा कॅगने २०२० मध्ये मारला. यंत्राने कामे उरकली, मजुराला काम मिळाले नाही आणि जमिनीला पाणीही नाही.

आणि तो मजूर कुठे आहे? कंधार, लोहा, मुखेडच्या तांड्यांवरून दिवाळीनंतर ट्रक भरून जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. बाकीचे हैदराबादला, पुण्याला बांधकामावर. गावात मजूर मिळत नाही, हे वाक्य जितके खरे आहे तितकेच हेही खरे की मजुराला गावात पोटापुरती मजुरी मिळत नाही. आमच्या भागातले पाणी साखरेच्या रूपाने जाते आणि माणसे कोयता घेऊन जातात.

हा सर्व हिशेब आजच मांडण्याचे कारण आहे. राज्याचा रोजगार हमीचा कायदा २००५ च्या केंद्रीय कायद्यात सामावला गेला आणि अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्राने उचलला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. शंभराऐवजी १२५ दिवसांचे आश्वासन त्यात आहे, ते ऐकायला बरे वाटते. पण महाराष्ट्रासारख्या राज्याने खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे, कोणत्या राज्याला किती रक्कम द्यायची हे केंद्र ठरवणार आहे आणि त्यापुढचा खर्च राज्याच्या माथी आहे. शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे; म्हणजे जेव्हा मजुराला घासाघीस करण्याची थोडी ताकद येते नेमके तेव्हाच त्याचा दुसरा पर्याय काढून घ्यायचा. मागणीप्रमाणे काम आणि ठरल्या रकमेपुरते काम, या दोन गोष्टी एक नाहीत. विसापूरपासून जे कमावले त्याचा गाभा पहिल्या गोष्टीत होता. आता तिजोरीत पैसा नाही हे वाक्य मंत्रालयातून ऐकू येईल, आणि मोंढ्यातली माणसे मान डोलावतील.

म्हणून ४० टक्क्यांच्या वाट्याचा प्रश्न निघेल तेव्हा आपली मागणी तयार असावी. व्यवसाय कराची मर्यादा वाढवण्यासाठी राज्याने केंद्राकडे घटनादुरुस्तीचा आग्रह धरावा आणि त्याचा बोजा वरच्या पगारांवर आणि उत्पन्नांवर टाकावा. खालच्या पायरीवरच्या कारकुनाला त्यात ओढू नये. उसाच्या पाण्यावरची पट्टी घनमापाने घ्यावी. नांदेड-लातूरच्या रेशन दुकानांत दरसाल किती ज्वारी वाटणार हे पेरणीपूर्वी जाहीर करून तेवढी याच जिल्ह्यांतून हमीभावाने घ्यावी. तळ्यांचा गाळ मजुरांच्या हातून निघावा आणि तो आधी कोरडवाहू अल्पभूधारकाच्या बांधावर पडावा, वाहतुकीसकट.

मागण्यांचे निवेदन देऊन परत येण्याची सवय आपल्याला आहे, तिचा उपयोग फार नाही. शाखांनी या उन्हाळ्यात एक काम करावे. आपापल्या गावात किती घरे पाण्याचे जार विकत घेतात आणि महिन्याला किती रुपये जातात, दोन वर्षांत किती बोअर कोरडे गेले आणि त्यांवर किती कर्ज झाले, किती जोडपी कोयत्यावर गेली, किती जणांनी रोजगार हमीचे काम लेखी मागितले आणि त्याची पावती किती जणांना मिळाली, हे घरोघर जाऊन वहीत लिहावे. पावती हा या कायद्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे आणि तोच सहसा दिला जात नाही. पंचायत समितीच्या आमसभेत गटविकास अधिकाऱ्यासमोर हे आकडे गावाच्या नावासह वाचून दाखवता येतील, आणि इतिवृत्तात ते नोंदवून घेण्याचा आग्रह धरता येईल. आमसभेची तारीख निघण्याआधी वह्या तालुका कार्यालयात पोहोचाव्यात.